रुईचा चीक आणि आईचा डोळा

माझं औरंगपुऱ्यात औषधाचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं त्याची मला किती लाज वाटली असेल ते कळेल. एकोणीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. भिंतीवर माझ्या नावाचं लायसन्स लावलेलं आहे. आणि घरी माझी आई, कुणाचं काहीही दुखलं की आधी कंपाउंडबाहेरच्या रुईकडे बघते आणि मग, वेळ उरला तर, माझ्याकडे.

हडको कॉलनीत आम्ही दोघीच राहतो. शेजारचा प्लॉट गेली कित्येक वर्षं मोकळा आहे, मालक पुण्याला. त्याने तिथे काही बांधलं नाही, म्हणून रुईने बांधलं. माणसाच्या उंचीची दोन झुडपं आहेत. जाड, पीठ भुरभुरल्यासारखी पानं, जांभळी फुलं, आणि कुठेही मोडलं की पांढराशुभ्र चीक. महापालिकेची माणसं वर्षातून एकदा ती तोडून जातात आणि महिन्याभरात ती पुन्हा उभी राहतात. या प्लॉटवर काहीतरी चांगलं उभं राहील याची मी वाट बघते, आणि आईला मात्र तो प्लॉट म्हणजे फुकटचा दवाखाना वाटतो.

ती पाचोडजवळच्या खेड्यातली. तिकडे पायात काटा मोडला की रुईचा चीक, पाय मुरगळला की रुईचं पान, आणि शनिवारी मारुतीला रुईचीच माळ. हे विषारी झाड आहे, असं मी तिला शंभर वेळा सांगितलं. ती म्हणते, “ठावं हाय मला. इख हाय म्हून तर औषध हाय. तुझ्या दुकानातल्या गोळ्या काय पेढे हायेत का?” पालथ्या घड्यावर पाणी.

आणि खरं सांगायचं तर ती अडाण्यासारखी वागत नाही, हाच वैताग आहे. अडाण्यासारखी वागली असती तर मला भांडणं सोपं गेलं असतं. तिचे नियम आहेत. माळेची अकरा पानं ती शुक्रवारी ऊन असतानाच खुडते. देठ खाली करून रात्रभर परातीत उभी ठेवते, म्हणजे चीक गळून जातो. शनिवारी सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसते, गंधाने त्यावर ‘राम’ लिहिते आणि मग ओवते. झाडाला लोखंड लावायचं नाही, म्हणून कात्री नाही, अंगठ्याच्या नखानेच देठ तोडायचा. आणि औषधासाठी पान घ्यायचं असेल तर झाडाला सांगायचं, कुणासाठी नेतोय ते. मी खिडकीतून ऐकलेलं आहे. “लेकीच्या गुडघ्यासाठी नेते गं बाई, राग धरू नको.” येणारे-जाणारे बघतात. मी पडदा ओढून घेते.

गुडघा माझा. दिवसभर उभं राहून दोन्ही गेलेत, डावा जास्त. एक्स-रे काढायचा आहे, हे मी तीन वर्षं म्हणते आहे. तोवर दुकानातलीच एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी. गिऱ्हाईक असं करायला लागलं की मी त्याला मूत्रपिंडावर पाच मिनिटांचं भाषण देते. आणि शनिवार-रविवारी आईचं पान. तव्यावर गरम केलेलं, एरंडेल लावलेलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी. तिच्या समाधानासाठी बांधून घेते, असं मी मैत्रिणींना सांगायची. समाधान माझंही होतं. बरं वाटायचं.

आता तिच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. आईला एकच डोळा आहे, डावा. उजवा दहा-बारा वर्षांची असताना गेला. खळ्यावर ज्वारी मळताना कुसळ डोळ्यात गेलं. गावातल्या शहाण्यांनी त्यात मध घातला, मग कसला तरी पाला पिळला, मग कुणाचं तरी दूध. पैठणला दवाखान्यात नेईपर्यंत बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. त्या आठवड्याबद्दल ती कधी फार बोलत नाही. एवढंच म्हणते, की भिंतीवर डोकं आपटावं इतकं दुखत होतं. बाकी सगळं आयुष्य तिने एका डाव्या डोळ्यावर काढलं. त्याच डोळ्याने सुईत दोरा ओवते, तांदूळ निवडते, आणि सकाळचा पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचून मला कोण गेलं ते सांगते.

तर गेल्या वर्षीच्या थंडीतला तो शनिवार. मी आंघोळीला गेले होते, तेवढ्यात ती प्लॉटवर जाऊन आली. बाहेर आले तर तवा तापलेला आणि ती पदराने डोळा पुसतेय.

“काय झालं?”

“काय नाय. कचरा गेला.”

“बघू.”

“काय बघायचं? पाय पुढं कर. तुला उशीर हुईल.”

उशीर झालाच होता. दुकानात मदतीला एक पोरगी येते, पण तिच्याकडे किल्ली नसते. मी पाय पुढे केला, आईने पान बांधलं, मी पोहे खाल्ले आणि स्कूटी काढली. त्या दिवशी गुडघा खरंच कमी दुखला. हे लिहिताना मला अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. दिवसभर ते कोमट पान माझ्या सलवारीखाली आपलं काम करत होतं आणि मी काउंटरवर मजेत होते.

दुपारी तिचा फोन आला. डोळा जरा लाल झालाय, येताना थेंब आण. समोर सात-आठ माणसं, एकाला शुगरच्या गोळ्या, एकाच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही म्हणून भांडण. मी विचारलं, “दुखतंय का?” ती म्हणाली, “नाय. दुखत बिखत काय नाय. जरा धुकटल्यागत दिसतंय.” मी म्हटलं, आणते. धुकटल्यागत या शब्दापाशी मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. संध्याकाळी निघताना मागच्या फळीवरून जंतुसंसर्गाचे थेंब उचलले, तेच, जे मी दुसऱ्यांना चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि पर्समध्ये टाकले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

रविवारी आत्या आली. ही माझ्या वडलांची बहीण, सिल्लोडला असते आणि तिला जगातला प्रत्येक रोग होऊन गेलेला आहे. तिने आईच्या डोळ्यात बघून निदान केलं, “उष्णता हाय, वैनी.” मग धने भिजवायला सांगितले. मग गुलाबपाणी. मग म्हणाली, थोडा मध. मधाचं नाव निघाल्यावर आई एकदम उठून स्वैपाकघरात गेली. मी आत्याला म्हटलं, “आत्या, या घरात डोळ्यात मध जाणार नाही. माझे थेंब चालू आहेत.” माझे थेंब. किती ऐटीत म्हणाले मी ते. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, “बया, तू शिकलेली.” मला ते पटलंच होतं.

आईला दोनदा विचारलं मी रविवारी, दुखतंय का म्हणून. दोन्ही वेळा नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती चिडली. “दुखल्यावर सांगीन की. डोळा जातो तवा कसं दुखतं ते मला इचार. असं गप बसतंय व्हय ते?” मला तिचं म्हणणं पटलं. ज्या बाईचा एक डोळा गेलेला आहे तिच्याशी डोळ्यावरून कोण वाद घालणार?

सोमवारी सकाळी मी दूध घेऊन आत आले. ओट्यामागच्या खिडकीतून लख्ख ऊन थेट दारापर्यंत आलेलं. आई ओट्याशी उभी होती. माझ्याकडे तोंड करून म्हणाली,

“कोण हाय?”

मी चार हातांवर उभी होते. तिला वाटलं शेजारची आली. दुधाची पिशवी माझ्या हातातच राहिली. मी म्हटलं, “आई, मी आहे,” आणि ती लगेच हसून म्हणाली, “व्हय, व्हय, तूच की. उजेड डोळ्यावर आला.” उजेड तिच्या पाठीला होता. मला इतका राग आला, इतका, की मी तिच्यावर ओरडले. घाबरल्यावर मला राग येतो, हा माझा दोष आहे. ओरडतच तिच्या चपला शोधल्या, ओरडतच रिक्षा थांबवली. रिक्षावाल्या चाचांनी आरशातून बघून विचारलं, “क्या हुआ अम्मा को?” आई म्हणाली, “कुछ नाय, भाईसाब. इसकू आदत है चिल्लाने की.”

जालना रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या निम्म्या वयाच्या वाटाव्यात अशा. त्यांनी आईची हनुवटी मशीनवर टेकवली, बराच वेळ बघितलं आणि मग फार शांतपणे विचारलं,

“आजी, शनिवारी मारुतीला माळ करता का?”

मी चमकले.

“रुईचा चीक गेलाय ना डोळ्यात?”

आईने मान हलवली. शाळेत खडू चोरताना सापडलेल्या मुलीसारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारी अशी एखादी आजी त्यांच्याकडे येते, तेव्हा हा प्रश्न त्या आधीच विचारतात. मग मला बुबुळावरच्या काचेबद्दल समजावलं. ती काच सुजून धुरकट झाली होती. चीक आतपर्यंत पोचला होता.

मी विचारलं, “पण तिला दुखत का नाही?”

“हीच तर गोम आहे. मिरची गेली तर माणूस ओरडत नळाखाली डोकं घालतो. रुईचा चीक गेला तर थोडं चुरचुरतं आणि मग डोळा बधिर होतो. दुखत नाही म्हणून कुणी येत नाही. चीक गेल्या गेल्या भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि दुखो न दुखो, त्याच दिवशी दाखवायचं. दोन दिवस घरी काय केलं?”

आणि इथे मी, जिने दोन दिवस घरी काय केलं ते सांगायला हवं होतं, ती आईवर घसरले. भर दवाखान्यात. म्हटलं, “किती वेळा सांगितलं तुला! हजार वेळा! एक शनिवार माळ नाही घातली तर मारुती उपाशी मरतो का?”

आई माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. “माळंची पानं म्या शुक्रवारीच खुडली हुती,” ती म्हणाली. “त्यातला चीक रातीच गळतो. ही तुझ्या गुडघ्याची हुती. औषधाला ताजं लागतं, चिकाचं. देठ तोडला आन् चीक उडला.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोळ्यात काही घातलंय का. मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली.

“हे कुणी दिलं?”

“मी.”

“तुम्ही काय करता?”

मी सांगितलं. त्यांनी बाटली उलटीपालटी करून बघितली आणि बाजूला ठेवली. त्या काही लागट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, की याने अपाय झाला नाही, पण उपयोगही काही नव्हता, आणि दोन दिवस गेले. नवे थेंब लिहून दिले, दर दोन तासांनी, रोज तपासणी. काच किती साफ होईल, पूर्ण होईल का, ते आठवड्याभरात कळेल. आईला एकच डोळा आहे हे त्यांनी कार्डावर लाल पेनाने लिहिलं.

तो आठवडा मी दुकान बंद ठेवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावला. आई पलंगावर बसून राहायची, हात मांडीवर. तांदूळ निवडता येत नव्हते, सुई नाही, पेपर नाही. पेपर मी वाचून दाखवायची. “लई भरभर वाचतीस,” म्हणायची. निधनवार्ता आल्या की म्हणायची, “हळू, हळू, वय किती म्हणालीस?” एकदा गजर व्हायच्या आधीच मी थेंबांची बाटली घेऊन उभी राहिले, तर तिने हात पुढे करून माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, “रडतीस काय? दुखत नाय मला.” मला त्या शब्दांची अशी चीड आली की सांगता सोय नाही. दुखत नाही, दुखत नाही. आमच्या घरात दुखलं तरच आजार, बाकी सगळा आळस. ज्या चिकाने माझा गुडघा गप्प बसला त्यानेच तिचा डोळा गप्प केला, आणि मी गुडघा गप्प बसला म्हणून खूश होते. मला भीती वाटत होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी झालेली आई, आणि कारण माझा गुडघा. यापलीकडे डोक्यात काही नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी थेंब घालायला मी तिच्यावर वाकले. तिने डोळा मिचकावला, पुन्हा मिचकावला आणि म्हणाली, “तुझ्या हनुवटीवर पांढरा केस आलाय.”

मी आरशाकडे धावले. होता. एवढासा, मलाही न दिसलेला. पन्नाशीच्या बाईला अशी बातमी ऐकून इतका आनंद क्वचितच झाला असेल. मी पलंगावर बसून ढसाढसा रडले आणि आई म्हणाली, “आगं, उपटून टाक, रडायचं काय त्यात?”

डोळा बराचसा साफ झाला. सगळा नाही. कडेला थोडं धुकं राहिलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता ती काच जपूनच वापरावी लागेल, पुन्हा असं काही झालं तर भरून येणार नाही. रुईला हात लावायचा नाही, असं त्यांनी आईकडून दोनदा वदवून घेतलं. आईने दोन्ही वेळा हो म्हटलं.

आणि पुढच्याच महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, मी औषधांची एक पेटी घ्यायला घरी आले तर आई प्लॉटवर. हातात माझ्या दुकानातले रबरी ग्लोव्हज, डोळ्याला दवाखान्याने दिलेला काळा गॉगल, पदर डोक्यावरून गच्च बांधलेला, आणि हात लांब करून, तोंड दुसरीकडे फिरवून ती मारुतीची पानं खुडत होती. कॉलनीतली माणसं थांबून बघत होती. मी कपाळावर हात मारला. भांडण झालं, मोठं झालं. शेवटी ठरलं असं, की माळेची पानं ग्लोव्हज घालून मी खुडायची, शुक्रवारी, ऊन असताना. आता मीच उभी असते त्या झाडापाशी. कुणासाठी नेते ते सांगत नाही मी, तेवढं अजून डोकं फिरलेलं नाही. पण एकदा ‘राग धरू नको’ तोंडातून निघून गेलं.

गुडघ्याचं पान मात्र बंद झालं. गुडघा आपला ठणकतच होता. मी दोनाच्या तीन गोळ्या केल्या होत्या आणि जिना एकेक पायरी करून चढत होते, ती बघत नसताना.

गेल्या रविवारी ती पेपर वाचत होती, कागद डोळ्याजवळ धरून. मी मोरीवरून उठताना दाराला धरलं. पेपर खाली न करता तिने विचारलं,

“गुडघा दुखतो का?”

“नाही,” मी म्हटलं. “आता अजिबात दुखत नाही.”

तिने पेपरची घडी घातली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या एका डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

“दुखत नाय?” ती म्हणाली. “मंग तर उद्या सकाळीच चल दवाखान्यात. म्या येते संगं.”